शीट अडकायची, आणि बोलणी मला

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. जयपूरची थंडी, रविवारची सकाळ, रामगढच्या तलावावर शिडाच्या बोटींची शर्यत... आणि मी काठावर उभी. बोटीत नाही, काठावर! एवढी वर्षं झाली, तरी लिहिताना डोकं तापतंय बघा.

बाबा फौजेत डॉक्टर, मेजर. जयपूरला बदली झाली आणि तिथल्या फौजी मंडळींच्या नादाने त्यांना शिडाच्या बोटीचं वेड लागलं. मतलब, जन्म रत्नागिरीचा आणि बोट शिकले राजस्थानात येऊन. बोटीत दोन माणसं लागायची... मागे सुकाणूवर बाबा, पुढे मी. मी तेव्हा मॅट्रिकला होते.

पुढच्या माणसाचं काम नीट सांगते, नाहीतर माझा राग कळायचा नाही. बोटीला पुढे एक छोटं तिकोनी शीड असतं. त्याच्या मोकळ्या कोपऱ्याला दोन दोऱ्या, एक डावीकडून येते, एक उजवीकडून. या दोरीलाच 'शीट' म्हणतात.

वाऱ्याच्या समोरून बोट वळवायची, की एक शीट सोडायची आणि दुसरी ओढायची. शीड डोलकाठीच्या पुढून पलीकडे जातं. सोडलेली शीट वाटेत कुठे अडकली की संपलं... शीड उलटं फुगतं आणि बोट वाऱ्यात तोंड खुपसून उभी राहते.

दिवाळीनंतर आमची शीट दर वळणाला अडकायला लागली. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा असतात ना, तिथेच कुठेतरी. आणि दर वेळी मागून बाबांची सुरुवात... तुझा हात जड आहे, तुझं लक्ष नाही, तू वेळेवर सोडत नाहीस.

मी काय काय केलं नाही! घरी बाजेच्या पायांना दोऱ्या बांधून रोज संध्याकाळी सोड-ओढ, सोड-ओढ. शीट झटक्यात फेकायची नाही, हातातून सरकू द्यायची, रिकामी दोरी लोंबकळत ठेवायची नाही... सगळं पाठ झालं. तळहाताला फोड आले. आई त्यावर तूप लावायची आणि म्हणायची, पुरे झाली ती बोट. शीट अडकायची ती अडकतच राहिली.

मग ही शर्यत आली. दिल्लीहून कुणी ब्रिगेडियरसाहेब बघायला येणार होते. आदल्या दिवशी जेवताना बाबांनी सांगून टाकलं की उद्या पुढे कॅप्टन माथुर बसेल. मीठ वाढ म्हणावं इतक्या सहज! मी भरल्या ताटावरून उठले.

तर मी काठावर. पहिल्याच वळणाला शीट अडकली. माथुर चांगला सहा फुटी गडी, हात चपळ... दुसऱ्या वळणाला पुन्हा अडकली. आमची बोट सगळ्यांत शेवटी आली. बाबा उतरले आणि हसत हसत ब्रिगेडियरसाहेबांना म्हणाले, आज हवा फार फिरत होती.

हवा? महिनाभर माझा हात होता, आणि कॅप्टन बसल्याबरोबर हवा झाली? माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

मंडळी चहाला गेली. मी तशीच सलवार वर खोचून पाण्यात शिरले आणि त्या तारांवरून हात फिरवायला लागले. तारेच्या तळाशी पितळी स्क्रू होते. ते फिरू नयेत म्हणून त्यांत दुमडलेल्या तारेच्या स्प्लिट पिना असतात, त्यांची टोकं बाहेर आलेली. एका टोकाने माझ्या हाताचं बोट कापलं. त्या टोकावर शीटचे पांढरे धागे अडकलेले होते.

बोटींची देखभाल करणारे भंवरजी तिथेच होते. मी त्यांना ती पिन दाखवली.

"बाईसा, यहाँ तो कपड़े की पट्टी लिपटी रहती थी," ते हळूच म्हणाले. "दिवाली पे साहब ने ही उतरवाई... पीतल चमकाने को."

फौजेत पितळ दिसलं की ते चमकलंच पाहिजे. त्यावरच्या पट्ट्या बाबांना चिंध्या वाटल्या असणार. शीट अडकू नये म्हणून बांधलेल्या चिंध्या!

मी ते धागे घेऊन तडक चहाच्या तंबूत गेले. ओले पाय, बोटातून रक्त, समोर सगळे अफसर. त्या काळी मुलीने असं चारचौघांत बापासमोर उभं राहणं म्हणजे काय, ते आजच्या मुलींना सांगून खरं वाटणार नाही.

"बाबा, पिनवर शीटचे धागे आहेत. पट्ट्या तुम्ही काढायला लावल्यात. माझा हात जड नाहीये."

मराठी तिथे बाकी कुणाला कळली नसेल. बाबांना कळलं... कानापर्यंत लाल झाले.

पुढच्या रविवारी बाबांनी आपल्या डॉक्टरी बॅगेतली चिकटपट्टी काढली. दोन्ही बाजूंच्या पिनांची टोकं दाबली आणि जखमेला बांधावी तशी घट्ट पट्टी गुंडाळली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बस पुढे."

"पुढे तुम्ही बसा," मी म्हटलं. "सुकाणू मी धरते."

त्यांनी सुकाणू माझ्याकडे दिलं. मग गेले आणि पुढे बसले. मी बोट वळवली, त्यांनी शीट सोडली, आणि ती त्या तारांजवळून अलगद सरकून पलीकडे गेली.

सॉरी वगैरे ते कधीच म्हणाले नाहीत. पण हातातलं सुकाणू दिलं. त्या काळच्या किती बापांनी दिलं असतं, मला माहीत नाही... म्हणून त्यांच्यावरचा राग त्या दिवशीच निवला.

स्वतःवरचा मात्र अजून आहे. ते म्हणाले दोष तुझा, आणि मी, चांगली सोळा वर्षांची धडधाकट मुलगी... महिनाभर ते खरं मानून बसले होते.