बोटीवरची पहिली पंगत

पोळी तव्यावरून थेट पानात पडली पाहिजे, हा अलकनंदाच्या सासरचा दंडक. सांगलीहून लग्न होऊन ती दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आली, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की आपल्याकडे गार पोळी कुणी खात नाही. पुढे सासूबाई गेल्या, क्वार्टरही गेलं. नवऱ्यानं, बळवंतनं, सरकारी नोकरीला रामराम ठोकून मोबाइल कंपनीत उडी मारली आणि बिऱ्हाड गुडगावच्या नव्या सोसायटीत, नवव्या मजल्यावर आलं. लिफ्ट आली, खाली गार्ड आला, जेवायला काचेचं टेबल आलं. दंडक मात्र लिफ्टमधून वर आलाच. टेबलाशी नवरा, मुलगी, मुलगा, आणि ही ओट्याशी. सगळ्यांचं आटोपलं की उरलेल्या दोन पोळ्या ती तिथंच उभ्यानं खाई. चौथ्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे असत.

बरं, बाई काही घरी बसलेली नव्हती. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात स्टेनो होती. संध्याकाळी चार्टर्ड बसमधून धौला कुआँच्या गर्दीत रखडत यायची, पर्स टाकायची आणि हात धुऊन कणीक मळायला घ्यायची. तक्रार? छे! आमच्याकडे गरम पोळी लागते, असं ती शेजारणींना मोठ्या तोऱ्यात सांगायची.

त्या वर्षी बळवंतच्या कंपनीनं बक्षीस म्हणून चौघांना सिंगापूरहून सुटणाऱ्या बोटीची सहल दिली आणि अलकनंदाच्या मनानं एकच गोष्ट धरली. दिवसभर कुणी कुठंही उंडारा, पण जेवायला चौघं एका टेबलाशी बसायची. वाढणारे दुसरे, आणि आपणही खुर्चीवर. जूनमध्ये देवयानी कॉलेजसाठी पुण्याला जाणार होती. एकदा मुलगी गेली की सुट्टीत येणार ती पाहुण्यासारखी. आता नाही तर कधीच नाही, हे तिला पक्कं कळत होतं. बसमध्ये खिडकीशी बसून तिनं ते टेबल कितीदा तरी मांडलं होतं. बोलली मात्र कुणाजवळ नाही.

शनिवारी संध्याकाळी करोल बागेतल्या एजंटचा फोन आला. बोटीवर जेवणाच्या दोन पंगती असतात, एक लवकरची साडेसहाची, दुसरी साडेआठची. कुठली हवी ते दुकान बंद व्हायच्या आत सांगा, मागाहून बदल होणार नाही.

झालं! जेवता जेवता तोंडं सुटली. सुधन्वाला, वय वर्षं चौदा, लवकरची हवी होती. त्याला भूकही लागते आणि पुढे व्हिडिओ गेमची खोलीही गाठायची होती. देवयानीला साडेसहाला जेवणं म्हणजे आजारी माणसांचं काम वाटत होतं. बळवंत म्हणाला, दुसरीच घ्यायची, साहेबांची फॅमिली दुसरीला आहे, आपण तिथं दिसलं पाहिजे. सुधन्वानं ताट ढकललं. बळवंतचा आवाज चढला. मग देवयानीनं, मोठ्या शहाणपणाचा आव आणून, तोडगा काढला. "चलो, सिंपल आहे. सुधन्वा पहिल्यात, आम्ही दुसऱ्यात. सगळ्यांनी एकत्रच कशाला खायला हवं, यार?"

ओट्याशी अलकनंदाचं लाटणं थांबलं. तिनं मनात मांडलेलं टेबल ही पोरगी बोट सुटायच्या आधीच मोडायला निघाली होती.

"एकच पंगत," ती तव्याकडे बघतच म्हणाली. "कुठलीही घ्या, पण सगळे एका वेळी."

तिचा आवाज ऐकून तिघांना नवल वाटलं, कारण जेवणाच्या वादात ती कधी पडत नसे. बळवंतला ते आयतंच सापडलं. त्यानं मोबाइल उचलून एजंटला लावला आणि बाहेरच्या माणसाशी बोलायच्या त्याच्या ऐटबाज हिंदीत सांगितलं की दुसरी पंगत पक्की करा. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बळवंतनं टेबलावर नजर फिरवली. त्याचं ताट, देवयानीचं ताट, सुधन्वाचं ताट.

"टेबल? तीन लोगों का," तो म्हणाला, आणि फोन ठेवून भाताकडे वळला.

अलकनंदाच्या हातात उलथनं होतं, ते तसंच राहिलं. पोळी करपायला लागली, धूर निघाला. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. पण राग येण्याआधी तिला कळलं की त्यानं मुद्दाम केलेलं नाही. समोर दिसली तेवढी माणसं त्यानं मोजली होती. इतकी वर्षं तिनंच त्याला टेबलाशी तेवढीच दाखवली होती. तिला स्वतःचीच भयंकर चीड आली.

"बाबा," देवयानी हळूच म्हणाली, "तीन?"

बळवंतचा घास हातातच राहिला. त्यानं ओट्याकडे पाहिलं, मग ताटांकडे, आणि त्याचा चेहरा पार उतरला. त्यानं घाईघाईनं पुन्हा नंबर लावला. लाइन बिझी. पुन्हा लावला. बिझीच. तिकडे दुकान बंद व्हायची वेळ झाली होती. कुणी कुणाकडे बघेना.

अलकनंदानं गॅस बंद केला. पदराला हात पुसत ती टेबलाशी आली आणि बळवंतच्या हातातून मोबाइल घेऊन तिनं तोच नंबर लावला. या खेपेला घंटी वाजली.

"भैया, चार लोग," ती म्हणाली. "और पहली वाली, साढ़े छह की।"

"अगं, पण साहेब..." बळवंत म्हणाला.

तिनं फोन ठेवला. "मला सहालाच भूक लागते," ती म्हणाली. "बसमध्येच लागते. कडकडून."

आपल्या आईला भूक कधी लागते हा प्रश्न देवयानीला आजवर पडलाच नव्हता. ती उठली, चौथ्या खुर्चीवरचे इस्त्रीचे कपडे उचलून सोफ्यावर टाकले आणि खुर्ची ओढली. अलकनंदा बसली. बसल्यावर हातांचं काय करायचं ते तिला सुचेना. मीठ आणायला उठायला गेली, तर देवयानीनं तिचं मनगट धरलं.

"रोज लागते भूक?" देवयानीनं विचारलं.

"रोज," अलकनंदा म्हणाली.

सुधन्वानं डब्यातली सकाळची पोळी काढून तिच्या पानात वाढली. तिनं पहिला घास मोडला. पोळी गार होती.