घमेल्यातलं पाणी

लेकीला विद्यापीठाच्या वसतिगृहात सोडायला गेले आणि फाटकातच वास आला, साबणाच्या पाण्यानं भिजलेल्या तापल्या मातीचा. तीस वर्षांपूर्वी मीही इथंच राहायला आले होते.

आमच्या गावाला, चौसाळ्याला, तेव्हा दुष्काळ होता. दूध सोसायटीच्या रिकाम्या कॅनमधून वडील टँकरचं पाणी आणायचे. आम्ही घमेल्यात उभं राहून अंघोळ करायचो आणि तेच पाणी झाडाला घालायचो. वसतिगृहातल्या पहिल्या सकाळीही मी तसंच केलं. भरलेलं घमेलं घेऊन न्हाणीतून बाहेर आले, तर रांगेतल्या मुली फिदीफिदी हसल्या.

"अगं, मोरीत सोड की ते!" एकजण म्हणाली.

"मोरीला कावून पाजायचं? ते रोपटं लई वाळलंय," म्हणत मी अंगणातल्या कडुलिंबाच्या रोपाला पाणी घातलं. खोलीत येऊन मात्र रडले.

उन्हाळ्यात नळ दिवसाआड झाला. मग तीच मुलगी माझ्या दाराशी आली, घमेलं मागायला.

"आई, केवढं झाड हे!" लेक वर बघत म्हणाली.

"आमच्या अंघोळीवर वाढलंय," मी म्हणाले आणि पिशवीतून नवं घमेलं काढून तिच्या हातात दिलं.