ग्लेन्डाआंटीच्या जेवणाचा बाजारभाव

एटोबिकोच्या आमच्या भागात ग्लेन्डा तुस्कानो माहीत नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. वसईची, पन्नाशीची, आवाज खणखणीत. दिवसभर विमानतळाजवळच्या एका कंपनीत ती विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायची आणि घरी येऊन म्हणायची, "त्या उकडलेल्या गाजरांना मी रोज सॉरी म्हणते." तिच्या स्वयंपाकाबद्दल मी तटस्थपणे बोलूच शकत नाही. मी नागपूरचा, झणझणीत खाऊन वाढलेला. पण तिचं घरी कुटून बाटल्यांत भरलेल्या बाटली मसाल्यातलं चिकन आणि नारळाच्या दुधातले गोल गोल, तळलेले फुगे खाल्ले आणि सासुरवाडीच्या स्वयंपाकाचं कौतुक करणं मी बंद केलं. बायकोने ते अजून विसरलेलं नाही.

दर नोव्हेंबरला चर्चच्या हॉलमध्ये निराधार बायकांच्या शेल्टरसाठी डिनर असायचं. तिकीट शंभर डॉलर. दोनशे माणसांचा स्वयंपाक आंटी फुकट करायची, वर स्वतःचं तिकीटही विकत घ्यायची आणि जेवायला मात्र कधी बसायची नाही. २००६ साली ते शेल्टर रजिस्टर्ड चॅरिटी झालं, त्यामुळे तिकिटावर पहिल्यांदाच टॅक्समध्ये सूट देणारी रिसीट मिळणार होती. मी अकाउंटंट, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

नियम सोपा आहे आणि कोणालाच आवडत नाही. शंभर डॉलर दिले आणि त्या बदल्यात जेवलात, तर सगळे शंभर काही दान होत नाहीत. जेवणाची किंमत वजा करायची, उरेल तेवढंच दान, आणि रिसीट तेवढ्याचीच. किंमत कोणती, तर तसंच जेवण बाहेर जेवायला गेलो असतो तर जेवढ्याला पडलं असतं ती.

चर्चच्या बेसमेंटमध्ये डिनरच्या मीटिंगला आंटीचा दीर डेस्मंड अध्यक्ष होता. तो म्हणाला, "गुरुदत्त, कीप इट सिंपल. जेवणाचे पंधरा लिही. सामान डोनेशनचं, कुकिंग फ्री. रिसीट पंच्याऐंशीची मिळाली की लोक हॅपी."

"सामान केवढ्याला पडलं ते बघायचंच नसतं," असं मी सांगायला लागलो, तेवढ्यात मागे चहाचा ट्रे आपटला.

"पंधरा?" आंटीने विचारलं.

"वहिनी, इट्स जस्ट फॉर टॅक्स."

"मग टॅक्सवाल्यांना खोटं कशाला सांगतोस? पंधरा डॉलरमध्ये पिझ्झा येतो. या वर्षी पिझ्झाच मागव." तिने एप्रन काढला, नीट घडी घातली, डेस्मंडसमोर ठेवला आणि ती घरी गेली.

तिकिटं सगळी विकली गेली होती. डेस्मंडचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण मला त्याची दया आली नाही, रागच आला. इतकी वर्षं ही बाई सुट्ट्या टाकून राबत होती. तिच्या कामाची किंमत काय, हे कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारायची वेळ आली तेव्हा या माणसाने पंधरा सांगितले.

शनिवारी मी आंटी आणि डेस्मंड दोघांना गाडीत घातलं आणि मिसिसागातल्या एका गोवन रेस्टॉरंटमध्ये नेलं. आंटी मोठ्या मिनतवारीने आली. "तुलना करायची तर तुमच्याइतकी पारखी जीभ दुसरी कोणाची आहे?" असं म्हटल्यावर कुठे तयार झाली. कापडी नॅपकिन तिने उलगडलासुद्धा नाही. चिकनचा घास घेऊन डोळे मिटले.

"नारळ डब्यातला. मसाला दुकानचा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मीठ बरोबर आहे."

बिल माणशी पंचेचाळीस डॉलर आलं. तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि दोनदा वाचलं. "या चिकनला लोक पंचेचाळीस देतात?"

"तुमचं याहून चांगलं आहे. पण आपल्याकडे फोल्डिंगच्या खुर्च्या आणि कागदी प्लेट्स. मी पंचेचाळीस लिहितो."

 परत आल्यावर गाडीतून उतरताना आंटी दिराला म्हणाली, "शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर ये. कांदे सोलायचेत."

डिनरच्या दिवशी डेस्मंडने जेवणाआधीच माइकवर सांगून टाकलं की रिसीट फक्त पंचावन्नची मिळेल, कारण जेवण पंचेचाळीसचं धरलंय. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. आंटी किचनच्या दारात उभी होती आणि हातातला झारा खाली ठेवायचं तिला सुचत नव्हतं. 

मग फुगे आले. सगळे खाण्यात गुंतले. अखेर आन्ना डाबरे उठली. ही रिटायर्ड नर्स, ग्रोसरीच्या सवलतीची कूपनं कापण्यात आयुष्य घालवलेली. फुग्याने प्लेट पुसता पुसता म्हणाली, "डेस्मंड, यू गॉट इट राँग. हे पंचेचाळीसचं नाही. सिक्स्टी तरी धर. माझी रिसीट कमी कर."

"सेव्हंटी," मागून कोणीतरी ओरडलं.

माझी रिसीट कमी करा असं म्हणणारी माणसं मी माझ्या धंद्यात त्याआधीही पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. मला माइक घेऊन सांगावं लागलं की आकडा ठरलेला आहे, हा काही लिलाव नाही. त्यावर सगळ्यांनी माझी मनसोक्त हुर्यो उडवली. डेस्मंडने स्वतः खुर्ची ओढली, प्लेट वाढली आणि आंटीला बसवलं. ती जेवली. दोनदा वाढून घेतलं.

एप्रिलमध्ये नेहमीप्रमाणे तिचा टॅक्स भरायला मी तिच्या घरी गेलो आणि डिनरची रिसीट मागितली.

"फ्रिजवर आहे."

होती. मदर मेरीच्या मॅग्नेटखाली. पंचावन्नच्या आकड्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नसावं. वरच्या ओळीत 'जेवणाची किंमत: पंचेचाळीस डॉलर' असं होतं, तिच्याखाली लाल पेनने रेघ मारली होती.

"आंटी, ही फाइलमध्ये लागेल. थोडा टॅक्स वाचेल तुमचा."

"नाही वाचला तरी चालेल," ती म्हणाली. "तिला हात लावू नकोस. बस, फुगे गरम आहेत."