आप्पा का बसले

आप्पा पळता पळता मध्येच खाली बसले आणि पुढच्या क्षणाला ते आणि त्यांच्या पाठीशी बांधलेला पायलट, दोघंही उताराच्या कडेवरून दिसेनासे झाले. मागोमाग ते निळं कापड फरफटत गेलं. मग काहीच नाही. मी उभी होते तिथून पुढे नुसती हवा होती आणि खूप खाली, खेळण्यातलं असावं तसं ऑस्ट्रियातलं एक गाव.

एकोणीस वर्षं मी लोकांना परदेशात फिरवते. लोक विमानतळावर हरवलेत, बसमध्ये चक्कर येऊन पडलेत. पण माझ्या डोळ्यांदेखत माणूस डोंगरावरून गेला, असं कधी झालं नव्हतं.

मी टूर मॅनेजर आहे. म्हणजे कंपनी तिकिटं काढते, हॉटेलं बुक करते आणि मी लोकांना घेऊन जाते, मोजते, जेवू घालते, पुन्हा मोजते आणि परत आणते. आमच्या सरांचं ऑफिस दौंडला स्टेशनजवळ आहे, माझं टेबल शिरूरला डेपोसमोर. पूर्वी आमच्याकडे जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड म्हणजे बर्फ बघा, चॉकलेट घ्या, घरी या, एवढंच असायचं. आता लोकांना काहीतरी करायचं असतं. कुणाला सायकल चालवायची असते, कुणाला उडायचं असतं. म्हणून सरांनी टूरमध्ये एक दिवस पॅराग्लायडिंगचा घातला.

आप्पा केंदूरचे. वय अडुसष्ट, तरुणपणी कुस्ती केलेली, मान अजून तशीच जाड. सोबत सून वनिता, सणसवाडीला एका कंपनीत एचआरमध्ये आहे. मुलगा सचिन येऊ शकला नव्हता. पैसे भरायला आला तेव्हाच त्याने मला बजावलं होतं, "मॅडम, आप्पांना बसमधून डोंगर दाखवा. उड्या मारायला लावू नका."

आप्पा शेजारच्याच खुर्चीत होते. म्हणाले, "पळता येतंय तवर मी म्हातारा न्हाई."

हे वाक्य ते सहज बोलले नव्हते. वनिताने मला प्रवासात सांगितलं की वर्षभर घरात आप्पांच्या हातून एकेक गोष्ट काढून घेणं चाललं होतं. आधी ट्रॅक्टर गेला. मोटरसायकलच्या किल्लीवरून रोज वाद होता. आप्पांना हे उड्डाण करून, त्याचा फोटो घेऊन घरी जायचं होतं. म्हणजे किल्ली त्यांच्याकडेच राहिली असती.

पॅराग्लायडिंग टँडम असतं. टँडम म्हणजे एका कापडी पंखाखाली दोघं. पायलट मागे, पॅसेंजर पुढे, दोघं पट्ट्यांनी जोडलेले. विमानासारखं इंजिन नाही, त्यामुळे उतारावर दोघांनी पळायचं, पंखात हवा भरते आणि पाय आपोआप उचलले जातात. पाय सुटले तरी पळत राहायचं. वर गेल्यावर पायलट सांगेल तेव्हाच सीटवर बसायचं. आधी बसलं तर सगळा भार पायलटच्या पायांवर येतो आणि पंख खाली येतो. पॅसेंजर हमखास करतात ती चूक हीच, असं आमचा पायलट मार्कुस म्हणाला.

"पण यांना इंग्रजी येत नाही," मी म्हटलं.

"मग मला दोनच शब्द शिकव," तो म्हणाला.

मी त्याच्या पांढऱ्या ग्लोव्हवर मार्करने रोमन अक्षरांत लिहून दिलं. पळा. बसा. वयाने मोठा माणूस आहे, म्हणून पळ आणि बस नाही, हेही समजावलं. मार्कुसने म्हणून बघितलं, "पाला."

"पाला?" आप्पा म्हणाले. "मी काय शेळी हाय व्हय?"

सगळे हसले. मार्कुसने चार वेळा म्हणून शब्द नीट बसवला. आप्पांनीही मान डोलावली. पळा म्हटलं की पळायचं, बसा म्हटलं की बसायचं. वस्तादाने सांगितलेलं ऐकायची त्यांना सवय होती.

झालं ते असं. मार्कुसने "पळा, पळा" केलं. आप्पा असे पळाले की मला कौतुक वाटलं. पंख वर उभा राहिला. एवढ्यात वनिता मोबाईल समोर धरून व्हिडिओ काढत काढत पुढे सरकली. तिचं लक्ष स्क्रीनवर होतं, पायाखाली नाही. आणखी चार पावलं टाकली असती तर ती पंखाच्या दोऱ्यांत अडकली असती. मी तिला ओरडले. माझा आवाज म्हणजे डेपोतला स्पीकर. ती थांबली, आणि आप्पा बसले.

मी धावत कडेपर्यंत गेले. खाली बघायची हिंमत होत नव्हती. तरी बघितलं. कडा नव्हता तो. गवताचा उंचवटा होता, त्याच्यापलीकडे उतार जास्त खडा झाला होता इतकंच. साठ-सत्तर पावलं खाली दोघं पडले होते आणि निळं कापड एका झुडपाला अडकलं होतं. आप्पा उठून बसले होते. सीटच्या मागे जाड फोम असतो, त्याने त्यांना वाचवलं. मार्कुस उठत नव्हता. त्याचा उजवा पाय घोट्यापाशी भलत्याच दिशेला वळला होता.

त्याचे सोबती आधीच खाली पोहोचले होते. तो ओरडत नव्हता. पांढराफटक पडला होता आणि एकच विचारत होता, "तो का बसला? मी काही बोललोच नव्हतो. तो का बसला?"

मी आप्पांना विचारलं, "आप्पा, तुम्ही मध्येच का बसलात?"

आप्पांनी माझ्याकडे नवलाने बघितलं. "म्हंजी? तुमीच म्हणला न्हवं, बसा आता म्हणून?"

मला काही कळेना. आणि मग कळलं. मी वनिताला ओरडले होते, "बास आता!" कानांवर हेल्मेट, वारा, वर कापडाचा फडफडाट. बास आता, बसा आता. वनिताला जे ऐकू गेलं ते आप्पांना गेलं नाही. त्यांना ऐकू आला तो सकाळपासून घोकलेला शब्द, ओळखीच्या आवाजात, त्यांच्या स्वतःच्या भाषेत.

मी तिथे गवतावर बसले. मी एका माणसाचा पाय मोडला होता आणि दुसरा मरता मरता वाचला होता, एका शब्दाने, आणि तो शब्द मी दिवसातून पन्नास वेळा वापरते.

मार्कुसने विचारलं, "काय म्हणतोय तो?"

"सॉरी म्हणतोय," मी म्हटलं.

हे मी का बोलले, याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. तोंडातून निघून गेलं. मार्कुसला स्ट्रेचरवर घालून नेलं.

तासाभरात सरांचा दौंडहून फोन आला.

"पॅसेंजर कसा आहे?"

"ठणठणीत आहेत. खरचटलंय फक्त."

"पायलट?"

"घोटा मोडलाय. ऑपरेशन आहे."

"कुणामुळं?"

मी म्हटलं, "पॅसेंजर मध्येच बसला."

"मग तेच लिहून द्या. पॅसेंजरची चूक. वय अडुसष्ट, तेही लिहा. विषय संपला."

वाक्य खरं होतं. पॅसेंजर बसलाच होता.

हॉटेलच्या लॉबीत वनिताने सचिनला फोन लावला, स्पीकरवर. मी समोरच होते. सचिन घाबरला होता, म्हणून रागावला होता. "आप्पा, ह्याच्यासाठीच नको म्हणत होतो. आता बसमधून खाली उतरू नका. आन् घरी आल्या आल्या गाडीची किल्ली माझ्याकडं द्या."

आप्पांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "बरं." एवढंच. खरं काय ते मी तेव्हाही सांगितलं नाही. त्या क्षणाची मला जेवढी लाज वाटते तेवढी त्या ओरडण्याची वाटत नाही.

संध्याकाळी आप्पा म्हणाले, "मला त्या पोराला भेटायचंय. चला दवाखान्यात." वनिता आणि मी त्यांना घेऊन गेलो.

मार्कुस पाय उंच बांधून पडला होता. मांडीवर पॅड आणि त्यावर एक फॉर्म. अपघाताचा रिपोर्ट त्यालाच लिहायचा होता. वेळ, वारा, जागा, सगळं भरलेलं होतं. कारणाचा रकाना रिकामा होता. तो मला म्हणाला, "बरं झालं आलात. याला नीट विचार. माझ्याकडून काही चुकलं असेल तर मला ते लिहावं लागेल."

आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. "ताई, आता मी सांगतो तसंच्या तसं त्याला सांगा. म्हणावं, मला कुणी काय बोललं न्हाई. तुझी बी चूक न्हाई. माझंच वय झालंय. पळताना दम लागला, पाय गळाले, म्हणून बसलो."

जो माणूस म्हातारा नाही हे दाखवायला डोंगर चढला होता, तो सुनेसमोर स्वतःला म्हातारा म्हणवून घेत होता. माझ्यासाठी.

"आप्पा, असं झालेलं नाही," मी हळू म्हटलं.

"मला ठावं हाय काय झालं ते. तुमचं पोट ह्याच्यावर हाय. मला कुठं रोज उडायचंय? सांगा तुमी."

मार्कुस पेन धरून वाट बघत होता. मी सुरुवात केली. खोटं कशाला बोलू, मी अर्धं वाक्य आप्पांनी सांगितलं तसंच बोलले, "ते म्हणताहेत, त्यांना कुणी काही..." आणि पुढे जाता येईना.

मग मी इंग्रजीत सगळं सांगितलं. मी कुणाला ओरडले, काय ओरडले, आप्पांना काय ऐकू आलं. दोन्ही शब्द त्याला म्हणून दाखवले. मार्कुसने डोळे मिटून ते दोनदा ऐकले. मग म्हणाला, "मलाही सारखेच वाटतात." पुढे म्हणाला, "पण मी दुपारी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, तो सॉरी म्हणतोय."

"ते मीच म्हणायला हवं होतं," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि लिहायला लागला. बराच वेळ लिहीत होता. मागे दारात वनिता उभी होती. तिला इंग्रजी चांगलं येतं. ती कॉरिडॉरमध्ये गेली आणि तिने सचिनला फोन लावला.

आप्पांना शब्द कळला नाही, पण माझा चेहरा कळला. बाहेर आल्यावर चिडून म्हणाले, "तुमाला सांगितलं तेवढंच सांगायचं हुतं."

"जमलं नाही, आप्पा."

"मग माझ्या बोलण्याला काय किंमत राह्यली?" आणि त्या दिवशी ते माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत.

मार्कुसच्या पॅराग्लायडिंग स्कूलने आमचे ग्रुप घेणं बंद केलं. मार्कुस पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उडायला लागला, असं त्याने एका ओळीत कळवलं. सरांनी मला वर्षभर शिरूरच्या टेबलावर व्हिसाचे फॉर्म भरायला बसवलं, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. आप्पांची मोटरसायकल आप्पांकडेच आहे. मार्केट यार्डात येतात तेव्हा डेपोसमोर थांबून हॉर्न वाजवतात, आत मात्र येत नाहीत.

आता नवीन टूर मॅनेजरना शिकवायचं काम माझ्याकडे आलंय. हेड काउंट कसा घ्यायचा, पासपोर्ट कुठे ठेवायचे, सगळं सांगते. शेवटी एक सांगते. अपघात झाला की दुभाषी म्हणून बाहेरचा माणूस शोधा, हॉटेलचा वेटर चालेल. ज्याची चूक असू शकते त्याला भाषांतराला उभं करू नका. तो चांगला माणूस असला तरी नको. मीही चांगलीच आहे, असं मला त्या दुपारपर्यंत वाटत होतं.