आत्याची पोथी आणि सात वॉटचा बल्ब

राज्याची वाटणी झाली त्या वर्षी आमच्या ऑफिसात खुर्च्या, पंखे, कपाटं, फायली सगळ्यांची वाटणी चालली होती. हे तुमचं, ते आमचं. मी कुणाचा, ते मात्र ठरत नव्हतं. आमचं मराठी घर चार पिढ्या तेलुगू मुलखात, काचीगुड्यात, त्यामुळे दोन्हीकडचे लोक 'हे एक कुठून आलं' अशा नजरेनं माझ्याकडे बघायचे. टेबलावर काम नाही, ऑर्डर येत नाही, माणूस करणार काय? मी घरातले बल्ब बदलायला घेतले.

त्यात 'वेगळं राज्य झालं की अंधारात बसाल' असं काही शहाणे सांगून गेलेले. म्हटलं, बसतोय कुठला! वीज ऑफिसच्या बाहेर मांडव पडला होता. जुना बल्ब द्या, नवा एलईडी घ्या. बिलाची झेरॉक्स घेऊन मी रांगेत उभा राहिलो, पिशवीत घरातले झाडून सगळे बल्ब. न्हाणीघरातला, जिन्यातला, देवापुढचा, आणि पुढच्या खोलीतला आत्याचा शंभरचा. तिला न विचारता काढलेला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. आमच्याकडेच राहायची. वय पंच्याहत्तरच्या पुढे, तोंड पंचविशीतलं. संध्याकाळी मी बटण दाबलं, पांढरा उजेड पडला, तशी ती वर बघून म्हणाली, "कोण गेलं?"

"कुणी नाही. नवा बल्ब आहे. सात वॉटचा."

"मग घराचा दवाखाना कशाला केलास, मेल्या? माझा बल्ब कुठाय?"

"दिला."

"कुणाला?"

"सरकारला."

"कुठल्या?"

आता याचं उत्तर आमच्या ऑफिसातही कुणाला देता येत नव्हतं, तर मी काय देणार.

त्या बल्बखाली आत्याचा पाट असायचा. श्रावणात रोज दिवेलागणीला ती त्या पाटावर बसून पोथी वाचायची आणि गल्लीतल्या पाच-सहा मराठी घरांतल्या बायका ऐकायला यायच्या. तीसेक वर्षं हे चाललेलं. गल्लीचा एक नियम होता, कुणी केला देव जाणे. श्रावण ज्या आवाजात सुरू झाला त्याच आवाजात संपायला हवा. मध्येच वाचणारी बदलली तर जी पाटावर बसेल तिचाच पाट, कायमचा. आणि समोरच्या घरातल्या वहिनी त्या पाटावर डोळा ठेवून होत्याच. आवाज खणखणीत, माहेर पुण्याचं, त्यामुळे उच्चारांचा तोरा केवढा! आत्या पाठीमागे त्यांना 'रेडिओ' म्हणायची.

श्रावण लागला आणि आत्यानं माझा जीव खाल्ला. "या उजेडात अक्षरं पळतात." मी गौलीगुड्याच्या बाजारातून नऊ वॉटचा आणला. "डोळ्यांत घुसतो." पिवळ्या उजेडाचा आणला. "कावीळ झाल्यासारखा दिसतोय." बारा वॉटचा आणला. "इथं काय कुणाचं लग्न लावतोस का?" चौथ्यांदा गेलो तेव्हा दुकानदारच म्हणाला, "साब, बल्ब में कुछ बी खराबी नै. पढ़नेवाले का चष्मा बदलो ना." मी त्याच्यावरच उखडलो. म्हटलं, तू बल्ब दे, अक्कल नक्को देऊ. खरं तर बल्बचा दोष आहे असं कुणी म्हटलं तरी मला राग यायचा आणि नाही म्हटलं तरी यायचा. दिमाग खराब झालं होतं नुसतं.

मग एका शुक्रवारी तो प्रकार झाला. सगळ्या जमल्या होत्या. "अध्याय सातवा," असं सांगून आत्यानं सुरुवात केली. मी तिच्या मागे, आतल्या दाराशी उभा होतो. निम्मा अध्याय झाला असेल नसेल, लाईट गेली. बाहेर कुणीतरी नव्या राज्याला एक सणसणीत शिवी हाणली. बायका 'अगंबाई' करत चुळबुळल्या. आत्या जागची हलली नाही. आपल्या नादात वाचतच राहिली. एक ओळ, दुसरी ओळ, तोच सूर, नेहमीच्याच जागी दम. चांगलं पानभर वाचून झालं आणि लाईट आली. तिचं बोट अजून पानावरून फिरत होतं.

वहिनींनी चटकन हात जोडले. "अंधारात वाचलं हो! साक्षात कृपा झाली!" एकेक बाई उठून आत्याच्या पाया पडायला लागली. मी मागून वाकून पानात बघितलं. माझं शिक्षण तेलुगू शाळेत, मराठी वाचायची बोंब, पण मोठ्या टायपातला मथळा मलाही लागला. अध्याय चौथा. आत्या बायकांना आशीर्वाद देत होती आणि तिचा चेहरा भेदरलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेथी निवडत बसली होती. मी समोर बसलो.

"आत्या, कधीपासून दिसत नाही?"

"दिसतं की. तू दिसतोस. ती शिक्षा काय कमी आहे?"

"आत्या."

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "दोन वर्षं झाली. मोतीबिंदू असणार, मला काय कळत नाही? पण डॉक्टरकडं गेलं की तो म्हणणार, आताच्या आता ऑपरेशन, वाकायचं नाही, वाचायचं नाही. मग बसेल तो रेडिओ पाटावर. गप्प राहा तू. बल्बाला शिव्या घालते ते बरंय."

"अगं, पण पाटाचं एवढं काय घेऊन बसलीस?"

तशी ती भडकलीच. "तुला काय जातं बोलायला? बाविसाव्या वर्षी सासूनं मला दारात उभं केलं, ट्रंकेसकट. पोरगा तिचा गेला, तो म्हणे माझ्या पायगुणानं. त्या दिवसापासून इथं आहे. घर तुझ्या बापाचं, आता तुझं. चूल तुझ्या बायकोची. माझं काय आहे रे इथं? चार बायका येऊन बसतात म्हणून गल्ली मला ओळखते. नाहीतर कोण मी?"

मला भडभडून आलं, आणि लाजही वाटली. चार-चार बल्ब घेऊन आलो, वॉट मोजले, पण एकदा तिच्या डोळ्यांकडे नीट बघितलं नाही. शेवटी आमचं ठरलं. श्रावण संपेपर्यंत मी तोंडातून ब्र काढायचा नाही, आणि संपला की तिनं मुकाट्यानं दवाखान्यात यायचं. तिनं शब्द पाळला. दिवाळीच्या आधी एक डोळा, नंतर दुसरा. घरी आल्यावर पहिलं काय बोलली तर, "तुझे केस कधी पांढरे झाले?"

पुढच्या श्रावणात ती ऐटीत पाटावर बसली. वर पुन्हा तोच सात वॉटचा, त्याच्याबद्दल आता चकार शब्द नाही. पण वाचन पहिल्यासारखं होईना. आता ती खरोखर वाचत होती ना! अक्षराला अक्षर लावत, अडखळत, मागे जात. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. वहिनी घसा खाकरायला लागल्या. मला वाटलं, संपलं. दृष्टी आली आणि पाट गेला. ऑपरेशनचा हट्ट माझाच, म्हणून मला स्वतःला झोडून घ्यावंसं वाटत होतं.

आणि सासू-सुनेचा तो अध्याय आला. राणी आपल्या सुनेला घराबाहेर काढते, सून वनात हाल काढते, व्रत करते, शेवटी दोघींची भेट होते. आत्यानं बोट टेकवून एकेक शब्द वाचला. "सून सासूच्या पायांवर पडली. म्हणाली, माझं चुकलं."

बायकांच्या माना वर झाल्या.

"आत्याबाई," वहिनी म्हणाल्या, "चुकलं तुमचं."

"काय चुकलं?"

"सून कशाला पाया पडेल? सासू पडते. सासू म्हणते, माझं चुकलं. दर वर्षी असंच तर वाचता."

"हौ, हौ," बाकीच्या म्हणाल्या.

"मी तर आमच्या सासूबाईंना मुद्दाम याच दिवशी घेऊन यायची," वहिनी म्हणाल्या, "होत्या तोवर. तुम्ही नीट वाचा बाई. हे असलं ऐकायला का आम्ही येतो?"

मी मागून पानात बघितलं. आत्याचं बोट होतं तिथली अक्षरं एकेक करून लावली, छापलेलं स्पष्ट होतं. सून, सासूच्या पायांवर. किती श्रावण ती हे उलटं म्हणत आली होती, मुद्दाम की नकळत, कोण सांगणार? आत्यानं त्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग तिनं चष्मा काढला आणि पोथी मिटली.

"छापणाऱ्यानं चूक केलीय," ती म्हणाली, आणि डोळे मिटून, न अडखळता, सासूला सुनेच्या पायांवर घातलं.