सदतिसावा फोटो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आणि कुमुदताईंना तर — त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार? त्या तिथेच उभ्या होत्या.

देवासच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. नट-बोल्टपासून हातमोज्यांपर्यंत सगळं यादीत. रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचे फोटो काढायचं मनात आलं, तेव्हाही आधी वही आखली. क्रमांक, नाव, जागा, आणि शेवटचा रकाना — 'फोटो पोचला'. देवास आणि धार मिळून पन्नास माणसं. नियम एकच: ज्याचा चेहरा घेतला, त्याच्या हातात त्याचा फोटो द्यायचा.

काय रविवार होते ते! सकाळची बस, इंदूरला बदल, धारला उतरलं की पोहे-जिलबी आणि कोवळं ऊन. "भिया, एक फोटो?" म्हटलं की माणसं आधी लाजायची, मग खिशातला कंगवा काढायची.

सदतिसावे कालूजी. बाजारात कुलपं दुरुस्त करायचे. शेजारी बायको, गेंदाबाई — कॅमेरा दिसताच घूंघट हनुवटीपर्यंत. कालूजी म्हणाले, "मुंडो तो दिखा, नी तो लोग केगा दूसरा की लुगाई बिठा ली!" — तोंड दाखव, नाहीतर लोक म्हणतील दुसऱ्याचीच बायको बसवलीय. ती इतकी हसली की पदरच मागे गेला. तेवढ्यात मी फोटो घेतला. तिचा जन्मातला पहिलाच, असं ते म्हणाले.

माझी एक सवय आहे — काम होणारच असलं, की खूण आधीच करून टाकायची. पुढच्या रविवारी धारला जायचंच होतं, म्हणून सदतीसपुढे खूण केली. कारखान्यात स्टॉकची मोजणी निघाली आणि जाणं राहिलं. मग गणेशोत्सवात देवासच्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये प्रदर्शन लागलं. मी माइकवरून सांगितलं, प्रत्येकाला त्याचा फोटो पोचला आहे. टाळ्या पडल्या. वहीत तसंच होतं ना?

काही दिवसांनी कालूजींचा फोन आला — फोटू नी आयो, मैडम. मी म्हटलं, डाकेने पाठवलाय. किती सहज निघालं ते तोंडातून!

दिवाळीनंतर मी धारला गेले. फोटो पर्समध्ये होता. पण बरोबर धारच्या कुमुदताई होत्या — त्यांना तिथेही प्रदर्शन भरवायचं होतं, आणि माझं ते भाषण त्यांनी ऐकलं होतं. कालूजी एकटेच बसले होते. गेंदाबाई नवरात्रात गेली, म्हणाले. मग समोरच्या दुकानात पत्रं देणाऱ्या पोस्टमनकडे बोट दाखवून ओरडले, "यो चोर है, मैडम! म्हारी लुगाई को फोटू खा ग्यो!"

हे त्या पोस्टमनने किती वेळा ऐकलं असेल? त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं. कुमुदताई त्याच्याकडे बघत पुटपुटल्या, "काय बाई एकेक माणसं असतात!" आणि मी — मी मान डोलावली.

पर्सची चेन उघडायला कितीसा वेळ लागतो?

त्यानंतर मी धारला गेले नाही. बस अजून जाते. वहीत पन्नासच्या पन्नास खुणा आहेत. गेंदाबाई माझ्या कपाटात आहे, साड्यांखाली, पाकिटात — पदर मागे गेलेली, हसणारी.