वहिनी, नाक आणा

आमच्या शेजारणीनं गच्चीवर कुंडीत चाइव्ज लावलेत. कांद्याच्या पातीची परदेशी बहीणच म्हणा, गवतासारखी बारीक. "पोट हलकं राहतंय की!" म्हणत बाई ती पिठल्यावर, आमटीवर, अगदी ताकातसुद्धा कातरतात.

पण मागच्या आजारपणात त्यांची वास घ्यायची शक्ती गेली, ती परत आलीच नाही. आणि त्याच मातीत लिली उगवते, हुबेहूब तसल्याच पानांची, पण कांद्याचा वास नसलेली, आणि विषारी. कितीदा उपटली तरी तिचे कंद मातीत राहतातच. म्हणून रोज जिन्यातून हाक येते, "वहिनी, नाक आणा हिकडं!" पान चुरडून माझ्या नाकाशी धरतात. मी "कांदाच हाय" म्हटल्याशिवाय त्यांच्या मालकांच्या ताटात एक काडी पडत नाही.

काल त्यांनी पान धरलं आणि मला वासच येईना. सर्दी नाही, पडसं नाही. पुन्हा हुंगलं.

"बोला की वहिनी, मालक ताटावर बसल्यात."

पान लिलीचं, की नाक माझंही गेलं?

"टाकून द्या ती," मी म्हटलं. त्यांनी सगळी मूठ कचऱ्यात टाकली.

घरी येऊन मी लसणाची पाकळी ठेचायला काढली. ती अजून ओट्यावरच आहे. ठेचून नाकाशी न्यायचा धीर होत नाही.